ओढायचं हत्यार आणि उचलायचं हत्यार

एक्स्कॅव्हेटर, डोझर, लोडर यांची कामं करणाऱ्या वर्कशॉपमध्ये कुठल्याच कंपनीच्या कॅटलॉगमध्ये न सापडणारी हत्यारं हमखास दिसतात. जाड पट्टीला भोकं पाडून केलेला पुलर, म्हणजे घट्ट बसलेला भाग ओढून काढायचं हत्यार, हायड्रॉलिक सिलिंडरचा ग्लँड नट सोडवायला पाइपाला दोन पिना लावून केलेला पाना, इंजिन उचलायला चॅनेल जोडून केलेला आडवा बीम. लोखंड तेच, वेल्डर तोच. मग सुरक्षा अधिकारी पुलरकडे बघून पुढे जातो आणि बीम मात्र बाजूला काढायला लावतो, तेव्हा मेकॅनिकला तो आडमुठेपणा वाटतो. बहुतेक वेळा तो तसा नसतो.

हत्यार तुटलं तर पुढे काय होईल, एवढंच विचारून बघा. पुलरमधला ताण आपण पाना फिरवून आणलेला असतो. पुलर तुटला की ताण संपतो. तुकडा उडू शकतो, पण ओढीच्या रेषेतून बाजूला उभं राहिलं की बराचसा धोका टळतो. बीमखाली टांगलेल्या गिअरबॉक्सचं वजन मात्र बीम तुटल्यावरही तेवढंच राहतं आणि ते सरळ खाली येतं. पुलरला आपण थांबवू शकतो, वजनाला नाही.

याचा अर्थ पुलर निरुपद्रवी आहे असा नाही. वीस टनांचा हायड्रॉलिक जॅक लावलेला घरगुती पुलर आटे निसटताना काय करतो ते पाहिलेला माणूस त्याच्यासमोर पुन्हा उभा राहत नाही. कडक पोलादाच्या जुन्या पिनेचा ठोकायचा दांडा करणं तर त्याहून वाईट, कारण हातोड्याखाली त्याचा टवका उडतो आणि तो डोळ्याकडेच येतो असं समजून चालावं. तिथे पितळ किंवा साधं मऊ लोखंड बरं. ठोकून डोकं फुललं की ते ग्राइंडरवर साफ करायचं. 'हत्यार माझं स्वतःचं आहे' ही सबबही चालत नाही. अमेरिकेच्या 'ओशा' या कामगार सुरक्षा संस्थेच्या नियमानुसार कामगाराने घरून आणलेल्या हत्याराच्या सुस्थितीची जबाबदारीसुद्धा मालकाचीच असते.

उचलायच्या हत्याराला सुस्थिती पुरत नाही, पुरावा लागतो. त्याच 'ओशा'चे बांधकामासाठीचे नियम सांगतात, की खास बनवून घेतलेल्या हुक, क्लॅम्पसारख्या साधनांवर सुरक्षित भार लिहिलेला हवा आणि वापरात आणण्याआधी त्या भाराच्या 125 टक्के वजन लावून चाचणी झालेली हवी. म्हणजे दोन टनांच्या बीमला अडीच टन. ब्रिटनच्या 1998च्या नियमांत अशा साधनांची जाणकार माणसाकडून साधारणपणे दर सहा महिन्यांनी कसून तपासणी करावी लागते.

'याने दोन टनांचं इंजिन उचललंय, काही झालं नाही' ही चाचणी नव्हे. वेल्डला बारीक तडा गेला का, हुक उघडला का, हे नंतर कोणी पाहिलेलं नसतं. शिवाय दोन फाट्यांची स्लिंग (वजन टांगायचा दोर, पट्टा किंवा साखळी) आडव्याशी 30 अंशांपर्यंत पसरली, की वजन दोघांत वाटलेलं असूनही प्रत्येक फाट्यावर अख्ख्या वजनाएवढा ताण येतो. कालचं यश कालच्या कोनापुरतं. बांधकामाची सळई वाकवून केलेल्या हुकाबद्दल तर मी वादच घालत नाही: त्या पोलादात नेमकं काय आहे ते माहीत नसतं, वाकवलेल्या जागी ते तडकू शकतं, आणि भार वाढल्यावर हुक सरळ होतो.

खरी गफलत होते ती मधल्या क्षणी. लायनर, म्हणजे इंजिनच्या ब्लॉकमध्ये बसवलेली, पिस्टन जिच्यात चालतो ती नळी, काढायचा घरगुती पुलर घ्या. आटे असलेली सळई, वर आडवी पट्टी, खाली लायनरला धरणारी प्लेट. लायनर ब्लॉकमधून सुटेपर्यंत हे ओढायचं हत्यार आहे. लायनर मोकळा झाला, सोय म्हणून त्याच सळईला चेन ब्लॉकचा (वजन उचलायच्या साखळीच्या कप्पीचा) हुक अडकवला, आणि हत्यारात काडीचा बदल न होता ते उचलायचं झालं. आता चाचणी नाही, भाराचा शिक्का नाही, आणि लायनर फिरवून बाहेर घ्यायला कोणाचा तरी हात त्याच्याखाली. मोठ्या इंजिनाचा लायनर माणसाला सहज पेलणारा नसतो. तो मोकळा झाल्यावर पुलर काढून स्लिंग लावायला जाणारी पाच मिनिटं इथेच वाचवली जातात.

टेकूही उचलायच्या हत्यारांच्याच बाजूला. लोडरची बादली वर ठेवून खाली काम करायचं तर ती आधी भक्कम ठोकळ्यांवर टेकवायला हवी, नुसत्या जॅकच्या किंवा हायड्रॉलिकच्या भरवशावर नाही. वर्कशॉपमध्ये वेल्ड केलेला स्टँड तिथे वापरायचा असेल तर त्यालाही हिशेब आणि भाराचा शिक्का हवाच.

घरी केलेलं उचलायचं हत्यार कायमचं बादच असतं असं नाही. भार ठरवून इंजिनिअरकडून आराखडा करून घ्या, माहीत असलेलं पोलाद वापरा, वेल्डिंग त्या कामाच्या प्रमाणित वेल्डरकडून, मग चाचणी, नंबर आणि भाराची पट्टी. एवढा खर्च मांडल्यावर कित्येकदा तयार, भार लिहिलेला आय बोल्ट (डोक्याला कडी असलेला बोल्ट) किंवा बीम विकत घेणंच स्वस्त पडतं. पुलरच्या बाबतीत हिशेब उलटा लागतो, आणि तिथे वेल्डरने खुशाल डोकं चालवावं.