गेम अ‍ॅनालिसिस (बुद्धिबळ)

स्पर्धेत खेळलेला डाव नंतर पटावर परत मांडून कुठे चुकलं, कुठे काय सुचायला हवं होतं हे शोधायचं, याला गेम अ‍ॅनालिसिस म्हणतात. गोव्यात फोंडा-म्हापशाकडची पोरं सरळ "गेम बघूया" म्हणतात. गेम स्वतःची असू शकते किंवा दुसऱ्याची.

हे जमतं ते स्कोअरशीटमुळे, म्हणजे चाली लिहायच्या कागदामुळे. फिडेच्या (जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या) नियमाप्रमाणे क्लासिकलमध्ये, म्हणजे लांब वेळेच्या डावात, दोघांनाही चाली लिहाव्याच लागतात, घड्याळात पाच मिनिटांपेक्षा कमी उरली आणि चालीमागे तीस सेकंद वाढून मिळत नसतील तरच सूट. मोठ्या स्पर्धांच्या गेम पीजीएन फाइलमध्ये (चाली साठवायची साधी टेक्स्ट फाइल) मिळतात. २०२५ मध्ये गोव्यातल्या हडफड्याला वर्ल्ड कप झाला, २०६ खेळाडू होते, १९ वर्षांचा जावोखिर सिंदारोव जिंकला, त्या सगळ्या गेम फुकट बघता येतात. पण भराभर क्लिक करत शेवटापर्यंत गेलात तर ते अ‍ॅनालिसिस नाही, सिरियल बघणं झालं.

खरी पद्धत म्हणजे पुढची चाल झाकायची, आपली चाल कारणासकट वहीत लिहायची आणि मगच उघडायची. कारण लिहिलं नाही तर उत्तर बघितल्यावर प्रत्येकाला "मला हेच दिसत होतं" असं वाटतं (मलाही वाटतं, दरवेळी).

यासाठी २०१३ ची नेदरलँड्समधल्या वाइक आन झे इथली अरोनियन-आनंद गेम घ्या. आर्मेनियात जन्मलेला ग्रँडमास्टर अरोनियन २००२ मध्ये गोव्यातच वर्ल्ड ज्युनिअर जिंकलेला, म्हणजे आपल्याकडे येऊन गेलेला माणूस. गेम फक्त २३ चालींची, काळी मोहरी घेऊन आनंद जिंकला. तेराव्या चालीला पांढरा घोडा एच७ चं (घराचं नाव: अक्षर म्हणजे उभा रकाना, आकडा म्हणजे आडवी रांग) प्यादं खातो आणि एफ८ च्या हत्तीवर मारा करतो. इथे थांबा. हत्ती हलवावासा वाटतो ना? आनंद हलवत नाही, घोडा जी४ वर नेतो, पंधराव्याला उंट सी५ वर प्याद्याच्या तोंडात ठेवतो, सोळाव्याला दुसरा घोडा ई५ वर, तोही मारता येईल असाच. हत्ती शेवटी एकोणिसाव्या चालीला मारला जातो, आणि आता तरी तो खाणारा घोडा परत मारायचा असं तुम्ही लिहिलं असेल तर आनंदची चाल बघा: प्यादं एफ५! त्याने पांढऱ्या वजिराची एच७ कडची तिरकी रेघच बंद होते, आणि बी७ चा उंट लांबून राजाकडे बघत असतोच. १९०७ च्या रोटलेवी-रुबिनस्टाइन गेममध्येही काळ्याचे दोन उंट असेच राजाकडे रोखलेले, त्या दोन्ही लागोपाठ लावून बघाव्यात.

एंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा कॉम्प्युटर प्रोग्रॅम, सगळ्यात शेवटी. स्टॉकफिशसारखं एंजिन चाल सांगतं, का ते सांगत नाही, आणि कोण किती पुढे आहे तो आकडा दिसला की डोकं बंद होतं. पावसात लाईट-नेट गेलं की लाकडी पटावरच बसावं लागतं, तेव्हा उलट जास्त शिकायला होतं.

स्वतःची गेम असेल तर आधी हरलेली घ्या. जिंकलेल्या गेममधल्या चुका समोरच्याने माफ केलेल्या असतात म्हणून आपल्याला दिसत नाहीत. माजी जगज्जेता बोटविनिक स्वतःच्या गेमचं अ‍ॅनालिसिस छापा म्हणजे लोक चुका काढतील असं सांगायचा. आपण क्लबातल्या मित्राला दाखवली तरी चालतं. शीटवर चालीशेजारी उरलेली मिनिटं लिहायची सवय असेल तर आणखी एक गोष्ट कळते, ती म्हणजे पंधराव्या चालीला पाऊण तास विचार करून शेवटी पहिल्या मिनिटाला सुचलेलीच चाल खेळली होती.