व्हिटबीत उतरायचं कुठे: ईस्ट क्लिफ की वेस्ट क्लिफ?

मे महिना उजाडला की मला फोन यायला लागतात. मी लीड्सला राहते, व्हिटबी हे ईस्ट क्लिफ आणि वेस्ट क्लिफ अशा दोन कड्यांमधलं समुद्रकाठचं गाव इथून गाडीने साधारण दोन तासांवर, आणि आमच्या ओळखीत जो कोणी उन्हाळ्यात इंग्लंडला येतो त्याला तिथे एक-दोन रात्री काढायच्याच असतात. परवा भाचीचा फोन आला: "मावशी, ईस्ट क्लिफला कॉटेज मिळालंय, अ‍ॅबीपासून पाच मिनिटांवर. वेस्ट क्लिफ नवीन आहे ना, तिकडे काय राहायचं?" आई-बाबा बरोबर येणार होते. मी तिला बुकिंग रद्द करायला लावलं आणि मग अर्धा तास कारण सांगितलं. गेली सात-आठ वर्षं मी हेच कारण सांगतेय, म्हणून आता लिहूनच ठेवते.

पूर्वेकडचं व्हिटबी तुम्हाला ठाऊक आहे. ज्या फोटोंवरून तुम्ही इथे यायचं ठरवलंत ते सगळे तिकडचेच. वर अ‍ॅबीचे, म्हणजे जुन्या मठाचे, भग्न खांब, शेजारी सेंट मेरीज चर्च, तिथवर चढणाऱ्या १९९ पायऱ्या, पायथ्याशी चर्च स्ट्रीटची गोट्यांची फरसबंदी आणि लाल कौलांची दाटी. ६५७ मध्ये हिल्डा या साध्वीने इथे पहिला मठ उभारला, ६६४ मध्ये इथल्याच सभेत ईस्टर कधी पाळायचा याचा निकाल लागला. १७४६ मध्ये व्हिटबीत जहाजावरची उमेदवारी करायला आलेल्या दर्यावर्दी जेम्स कुकचं म्युझियमही याच बाजूला, त्याच्या मालकाच्या ग्रेप लेनवरच्या घरात आहे. याबद्दल मराठीतही पुष्कळ लिहून झालंय.

एस्क नदी गावाच्या मधोमध समुद्राला मिळते आणि तिच्यावरचा १९०८-०९ चा फिरता पूल दोन्ही बाजू जोडतो. पश्चिमेकडचा कडा एकोणिसाव्या शतकापर्यंत मोकळा माळ होता. रेल्वेचा राजा म्हणवला गेलेला जॉर्ज हडसन याने तिथे पाहुण्यांसाठी वस्ती वसवायला घेतली. त्याचे पैसे संपले, म्हणून तिथला रॉयल क्रेसेंट, म्हणजे चंद्रकोरीसारखी घरांची रांग, आजही अर्धाच आहे. म्हणजे वेस्ट क्लिफ "नवीन" असलं तरी ते व्हिक्टोरियन नवीन आहे, आणि मुळात बाहेरून येणाऱ्यांनी राहावं म्हणूनच बांधलेलं आहे.

आता खरा घोळ. लोक ईस्ट आणि वेस्ट यांची तुलना जुनं-नवं किंवा जवळ-लांब अशी करतात. दोन्ही मापं चुकीची आहेत. गाव एवढंसं आहे की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत वीस-पंचवीस मिनिटं लागतात. फरक आहे तो उंचीचा. "ईस्ट क्लिफला राहतोय" असं म्हणणारा पाहुणा बहुतेक वेळा कड्यावर राहतच नाही, कड्याच्या पायथ्याशी राहतो. पूर्वेच्या माथ्यावर अ‍ॅबी आहे, चर्च आहे, दफनभूमी आहे आणि वारा आहे. ज्या कॉटेजच्या जाहिराती तुम्ही बघता ती सगळी खाली, चर्च स्ट्रीट, हेन्रिएटा स्ट्रीट आणि त्यांना फुटलेल्या बोळांमध्ये. त्या बोळांना तिथे यार्ड म्हणतात. वेस्ट क्लिफचं उलट आहे. तिथली हॉटेलं, गेस्टहाउसं, बी अँड बी (खोली आणि सकाळची न्याहारी देणारी घरं) सगळी खरोखर माथ्यावर, सपाट जमिनीवर, रुंद रस्त्यांच्या कडेला आहेत. नावात दोन्हीकडे क्लिफ असल्यामुळे आणि नकाशावर चढ-उतार दिसत नसल्यामुळे ही गोष्ट बुकिंग करताना कोणाच्या ध्यानातच येत नाही.

पूर्वेच्या उतारावर घरं टिकवणं हे किती अवघड काम आहे तेही सांगते. २०१२ च्या नोव्हेंबरात पावसाने उतार खचला आणि एल्फ्लेडा टेरेसवरची पाच घरं पाडावी लागली. तिथे माणसं खालच्या चिंचोळ्या पट्टीत दाटीवाटीने राहिली ती हौसेने नाही.

या उंचीच्या फरकातून बाकीचं सगळं आपोआप निघतं. दिसतं काय, इथूनच सुरुवात करू. अ‍ॅबीच्या पायथ्याशी राहिलात तर खिडकीतून अ‍ॅबी दिसत नाही. समोरच्या घराची भिंत दिसते, नशीब असेल तर दोन कौलारांमधून बंदराची फट दिसते. अ‍ॅबी बघायची तर पलीकडच्या कड्यावर जावं लागतं. वेस्ट क्लिफवर व्हेलच्या जबड्याची कमान आहे (आत्ताची २००३ मध्ये अलास्काहून आली), तिच्यातून बघितलं की समोर चर्च आणि अ‍ॅबी चौकटीत बसवल्यासारखी दिसतात. १८९० च्या उन्हाळ्यात ब्रॅम स्टोकर व्हिटबीला आला तेव्हा रॉयल क्रेसेंटवर उतरला होता. त्याची 'ड्रॅक्युला' कादंबरी १८९७ मध्ये आली, आणि तिच्यातलं जहाज फुटतं, काळा कुत्रा उडी मारून कड्याकडे पळतो, ते सगळं पूर्वेला घडतं. पूर्वेचा कडा त्याला रोज दिसत होता, कारण तो पश्चिमेला राहत होता.

आणखी एक गोष्ट. इथला किनारा उत्तरेकडे तोंड करून आहे, त्यामुळे जूनमध्ये वेस्ट क्लिफवरून सूर्य समुद्रातून उगवताना आणि समुद्रातच मावळताना दिसतो. खालच्या बोळात राहणाऱ्याला त्यासाठी रात्री साडेनऊला पुन्हा चढून यावं लागतं.

मग पाय. तीन वर्षांपूर्वी सासू-सासरे आले होते, तेव्हा मीही पूर्वेलाच कॉटेज घेतलं होतं. जाहिरातीत लिहिलं होतं, "थेट रस्त्यावरून प्रवेश, एकही पायरी नाही." ते खरं होतं. दारात पायरी नव्हतीच. पण ती जुनी कोळ्यांची घरं अंगाने एका खोलीएवढीच असतात, मजल्यावर मजला चढवलेली. तळाला स्वयंपाकघर, त्याच्यावर बसायची खोली, तिच्यावर झोपायची खोली आणि न्हाणीघर अर्ध्या जिन्यावर. जिना इतका चिंचोळा की बॅग छातीशी धरून आडवं चालावं लागत होतं, आणि कठड्याच्या जागी भिंतीला ठोकलेला दोर. सासूबाई सकाळी एकदा खाली उतरल्या की रात्रीपर्यंत वर जात नसत. दुपारची झोप त्यांनी चारही दिवस स्वयंपाकघरातल्या लाकडी खुर्चीत काढली. तक्रार एका शब्दाची केली नाही, आणि त्यामुळेच मला ते जास्त लागलं.

आणि ऐका, त्या १९९ पायऱ्या त्यांनी चढल्या! त्या पायऱ्या रुंद आहेत, चढ बेताचा आहे, धरायला कठडा आहे, मध्ये सपाट टप्पे आणि बाक आहेत. पूर्वी शवपेट्या खांद्यावरून वर नेताना माणसं त्या टप्प्यांवर विसावत. सासूबाई प्रत्येक बाकावर बसल्या, पाणी प्यायल्या, बंदर बघितलं आणि पाऊण तासाने वर पोचल्या. १९९ पायऱ्या जमल्या, पण घरातल्या चौदा पायऱ्यांनी जीव काढला. म्हणून कोणी मला "त्या १९९ पायऱ्या आईला झेपतील का?" असं विचारलं की मी विचारते, तुमच्या कॉटेजचा जिना झेपेल का?

एका शब्दाची गफलत मला सगळ्यांत जास्त खटकते. वेस्ट साइड म्हणजे वेस्ट क्लिफ नव्हे. रेल्वे स्टेशन आणि बसस्टँड पश्चिमेलाच आहेत, पण खाली, बंदराच्या पातळीला. "स्टेशनच्याच बाजूला हॉटेल आहे, चालत जाऊ" असं म्हणून लोक बॅगा ओढत निघतात आणि पुढचा चढ बघून थबकतात. बंदरापासून वेस्ट क्लिफवर जाणाऱ्या एका वळणदार रस्त्याचं नावच खैबर पास आहे. सामान असेल तर स्टेशनवरून सरळ टॅक्सी करा. दुसरी गफलत लिफ्टची. "वेस्ट क्लिफला लिफ्ट आहे ना," असं अजूनही ऐकते. १९३१ ची ती लिफ्ट कड्यावरून खाली वाळूत नेत होती, बंदराकडे कधीच नेत नव्हती, आणि २०२२ पासून ती बंद आहे. जुने लेख वाचून तिच्या भरवशावर कोणी खोली घेऊ नये.

तेव्हा हेही कबूल करते की वेस्ट क्लिफला राहिलात तर संध्याकाळी बंदरावरून परतताना एक चढ आहेच. पण तो दिवसातून एकदा, मोकळ्या रस्त्यावर, आणि नकोच असेल तर गाडीने. खोलीबाहेर पडल्यावर पाय मोकळे करायला सपाट फरसबंदी, हिरवळ, दर पन्नास पावलांवर बाक. गाडी दारापर्यंत येते. अ‍ॅबीलाही पायऱ्यांशिवाय जाता येतं, हे फार थोड्यांना माहीत असतं. नदीवर वरच्या अंगाला दुसरा उंच पूल आहे, त्यावरून वळसा घालून गाडी थेट पूर्वेच्या माथ्यावरच्या वाहनतळापर्यंत जाते. म्हणजे गुडघे दुखणाऱ्या माणसाला अ‍ॅबी बघायला पायथ्याच्या कॉटेजपेक्षा पलीकडचा कडाच सोपा पडतो. पायथ्याला राहणाऱ्याला आधी लांब लावलेल्या गाडीपर्यंत चालत जावं लागतं.

बाकीच्या फरकांत मी वेळ घालवणार नाही. मासे आणि चिप्स दोन्हीकडे चांगले मिळतात. सीगल दोन्हीकडे पहाटे चारला ओरडतात, खिडकी बंद करा. समुद्रावरून येणारं धुकं, ज्याला तिथे फ्रेट म्हणतात, ते आलं की वरही काही दिसत नाही आणि खालीही.

मग पूर्वेला राहूच नये का? तसं मी म्हणत नाही. मला स्वतःला तीच बाजू जास्त आवडते, फक्त तिथे जायची वेळ आणि माणसं वेगळी. उन्हाळ्यात दिवसभर चर्च स्ट्रीटवर खांद्याला खांदा लागतो. संध्याकाळी सहानंतर दिवसापुरते आलेले लोक परततात, दुकानं मिटतात आणि तो रस्ता एकदम तुमचा होतो. ओल्या गोट्यांवर दिव्याचा उजेड, कुठेतरी दोरखंड खांबावर आपटल्याचा आवाज. हेन्रिएटा स्ट्रीटवर १८७२ पासून फॉर्च्यून्सचं धुरीघर आहे, तिथे ओकच्या धुरावर हेरिंग मासे लटकवून किपर करतात. भट्टी पेटलेली असली की तो वास भिंतींना धरून राहतो. दारापासून दहा पावलांवर हे मिळणं हीच पूर्वेची खरी कमाई आहे, आणि ती फक्त तिथे झोपणाऱ्याला मिळते. पण त्यासाठी दोघंच जा, पाय धड असताना जा, पाठीवरची सॅक घ्या आणि निदान तीन रात्री राहा. जानेवारी-फेब्रुवारीत गेलात तर अजून चांगलं. एका रात्रीसाठी, चार बॅगा आणि लहान मूल घेऊन तिथे जाणं म्हणजे पैसे देऊन हमाली करणं.

एक गोष्ट मात्र माझ्या मनातून जात नाही. हिवाळ्यात त्या यार्डांमधून फिरताना ओळीने खिडक्या अंधाऱ्या दिसतात, कारण घरं पाहुण्यांसाठी ठेवलेली असतात. २०२२ च्या जूनमध्ये गावाने मतदान घेतलं: नवी घरं कायम राहणाऱ्यांसाठीच असावीत का? बाजूने दोन हजारांवर मतं पडली, विरोधात दोनशेसुद्धा नाहीत. ते बंधनकारक नव्हतं, पण मी ते विसरू शकत नाही. म्हणून मला जिथे मालक स्वतः राहतो, सकाळी स्वतः अंडी तळून देतो, असं गेस्टहाउस अधिक पसंत आहे, आणि तशी वेस्ट क्लिफवर जास्त सापडतात.

भाचीने शेवटी वेस्ट क्लिफवरच्या एका बी अँड बीला फोन केला. मी तिला तीनच प्रश्न लिहून दिले होते. गाडी कुठे लावायची आणि तिथून दार किती पावलं? दारापासून पलंगापर्यंत किती पायऱ्या? पलंगापासून न्हाणीघरापर्यंत किती? बाईंनी जिना मोजून येऊन सांगितलं: तळमजल्यावरची खोली, दारात दोन पायऱ्या, न्हाणीघर खोलीतच, आणि गाडीसाठी पास त्या स्वतः देतील.