दोन मीटर बँडवर बोलायचंय? हॅम परवान्याची परीक्षा, कागदपत्रं आणि अँटेना

भारतात हौशी रेडिओचालकांना (म्हणजे हॅमना) व्हीएचएफमध्ये 144 ते 146 मेगाहर्ट्झ (हाच दोन मीटर बँड) आणि युएचएफमध्ये 434 ते 438 मेगाहर्ट्झ हे पट्टे वापरता येतात. मोर्स (टिंब-रेषांची संदेशलिपी) यायलाच हवं, या भीतीने कितीतरी जण अर्जच भरत नाहीत, याचं वाईट वाटतं. परवान्याच्या ग्रेडपैकी रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्सची परीक्षा नसते आणि या दोन्ही बँडसाठी ती ग्रेड पुरते. जनरल ग्रेडला मात्र मोर्स आहे.

परीक्षा दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी (वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन) शाखा घेते. वय किमान 12 वर्षं हवं. अर्ज 'सरल संचार' पोर्टलवर भरायचा. पेपरचे दोन भाग असतात: रेडिओचं तंत्र आणि नियम. दोन्हींत वेगवेगळं पास व्हावं लागतं. नियमांचा भाग लोक हलक्यात घेतात. तसं करू नका. कॉल साइन (स्टेशनची ओळखखूण) कसा सांगायचा, लॉगबुकात काय लिहायचं, धंद्याचे निरोप आणि गाणी का चालत नाहीत, हे रोजच्या वापराचंच आहे.

पास झाल्यावर हातात येतं ते प्रमाणपत्र. तो परवाना नव्हे. परवान्यासाठी त्याच पोर्टलवर दुसरा अर्ज करायचा. प्रमाणपत्र, फोटो, ओळखपत्र, जन्मतारखेचा आणि पत्त्याचा पुरावा स्कॅन करून तयार ठेवा. आधार आणि दहावीच्या सर्टिफिकेटवर नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, तेही आधीच पाहा. स्टेशन जिथे लावणार तोच पत्ता द्या. परवाना 20 वर्षांचा किंवा आजीवन घेता येतो. फीचा आकडा भरतेवेळी पोर्टलवरच बघावा. कॉल साइन हाती येईपर्यंत ट्रान्समीटर विकत घेऊ नका. ऑनलाइन स्वस्तात हँडसेट दिसतात, पण विनापरवाना संच बाळगणं गुन्हा आहे.

वाट पाहण्याचा काळ अँटेनासाठी वापरा. माझं ठाम मत आहे की, या बँडवर जास्त वॅटपेक्षा उंची आणि चांगली केबल कामी येते. 145 मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबीची उभी काडी सुमारे 49 सेंटीमीटर भरते, 435 ला साधारण 16. केबल जोडायचा एसओ-239 कनेक्टर, मधे एक काडी आणि खाली तिरक्या चार काड्या, एवढ्यात ग्राउंड प्लेन अँटेना घरी होते. एफएमवर बोलायचं तर काडी उभीच ठेवा. केबलचं मात्र जपून: आरजी-58 या बारीक केबलचे 20 मीटर टाकले तर 435 मेगाहर्ट्झला निम्म्याहून जास्त शक्ती केबलमध्येच जिरते. जाड, कमी लॉसची केबल घ्या आणि लांबी शक्य तितकी कमी ठेवा.

फ्लॅटमध्ये राहत असाल तर गच्ची सामाईक असते, म्हणून सोसायटीकडे लेखी परवानगी मागा. अर्जाला परवान्याची प्रत जोडा आणि दांड्याची उंची, ताण-तारा कुठे बांधणार, वीज पडलीच तर ती जमिनीत जावी म्हणून अर्थिंग कसं करणार, हे एका पानावर रेखाटून द्या. कमिटीच्या बहुतेक शंका त्या रेखाटनावरच सुटतात.