श्वान घुटमळलं, म्हणजे नेमकं काय झालं?

घरफोडीच्या बातमीतलं शेवटचं वाक्य ठरलेलं असतं: ‘श्वानपथकाला पाचारण करण्यात आले, मात्र श्वान मुख्य रस्त्यापर्यंत जाऊन घुटमळले.’ वाचणारा लगेच ताडतो, चोर तिथून गाडीत बसला असणार. असेलही. किंवा बघ्यांनी माग तुडवला असेल. किंवा कुत्र्याने सरळ नाद सोडला असेल. या तिसऱ्या शक्यतेबद्दल कुणी बोलत नाही. तिचं मूळ अनेकदा कुत्रं लहान असताना त्याला जे शिकवलं त्यात असतं.

नाक सहसा कमी पडत नाही. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेतल्या एका प्रयोगात शिकवलेल्या कुत्र्यांना गवतावरचा वीस मिनिटं जुना माग बाजूने, आडवा दाखवला. जेमतेम पाच ठसे हुंगून माणूस कोणत्या दिशेने गेला हे ती ओळखत. हे नाक जन्मजात मिळतं. हुंगत राहायची हौस मात्र वाढवावी लागते.

पिल्लाची सुरुवात खाऊने करण्याची पद्धत जगभर आहे. कुणीतरी गवतातून चालत जातं आणि प्रत्येक पावलाच्या ठशात मांसाचा बारीक तुकडा ठेवतं. चिरडलेलं गवत, उकरलेली माती, माणसाच्या कातडीचे झडलेले कण यांच्या वासाची खाऊशी सांगड बसते. मग हळूहळू तुकडे विरळ करायचे. घाईच्या हँडलरचं, म्हणजे कुत्रं शिकवणाऱ्या-फिरवणाऱ्याचं, घोडं इथेच अडतं.

का, ते मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या प्रयोगातल्या माकडांनी दाखवलं. माकडाला अवचित फळांचा रस मिळाला की मेंदूतल्या डोपामिन नावाचं रसायन सोडणाऱ्या पेशी जोरात स्पंदतात. रसाआधी दर वेळी दिवा लावत गेलं की काही दिवसांनी त्या दिव्यालाच स्पंदतात, रस आला तरी गप्प. आणि दिवा लागूनही रस आला नाही, तर नेमक्या त्या क्षणी स्पंदनं नेहमीच्या पातळीखाली जातात. म्हणजे या पेशी मोजतात तो फरक: मिळालेलं वजा अपेक्षित. प्रत्येक ठशात तुकडा असेल तर एक वजा एक, शून्य. उद्या सगळे तुकडे एकदम काढले तर शून्य वजा एक, म्हणजे पावलागणिक उणे एक. चार-पाच पावलांत अपेक्षा कोसळते आणि पिल्लू फुलपाखरामागे जातं.

तुकडा निम्म्याच ठशांत असेल, तोही बेभरवशाने, तर कधी अधिक अर्धा, कधी उणे अर्धा. सरासरी पुन्हा शून्यच. मग फायदा काय? अपेक्षा अर्ध्यावर टिकून राहते, कारण रिकामा ठसा हाही आता खेळाचाच भाग झालेला असतो. शिवाय २००३ मध्ये शुल्ट्झ यांच्याच गटाला दिसलं, की शक्यता निम्मी-निम्मी असताना बक्षिसाची वाट पाहण्याच्या काळात या पेशींचं स्पंदन चढत जातं. मटक्याचा नाद सुटत नाही तो असाच. ही माकडं होती हे खरं. पण २०१२ साली मेंदूशास्त्रज्ञ ग्रेगरी बर्न्स यांनी जाग्या कुत्र्यांचं एमआरआय केलं, तेव्हा खाऊची खूण दिसताच मेंदूतला डोपामिन पोचतो तोच भाग उजळला.

अपेक्षा जागेलाही चिकटते. इस्रायलमध्ये इरिट गाझित आणि सहकाऱ्यांनी स्फोटकं शोधणारी कुत्री दोन वाटांवर फिरवली. एकीवर स्फोटकं असायची, दुसरीवर कधीच नाही. पुढे दुसरीवर अधूनमधून खरंच स्फोटक ठेवलं, तरी तिथे कुत्री ते जास्त वेळा चुकवू लागली. म्हणून सरावात दर वेळी तेच मैदान, तेवढंच अंतर, शेवटी त्याच झाडाखाली चेंडू, हे टाळायचं. ओसाड वाटणाऱ्या जागीही कधीतरी काहीतरी सापडलं पाहिजे. भूकंपानंतरच्या शोधात दिवसभर कुणीच जिवंत सापडलं नाही, तर हँडलर आपल्यातल्याच एखाद्याला लपवून कुत्र्याला ‘शोध’ लावू देतात, तो याच हिशेबाने.

कुत्र्याला यमदूत दिसतात म्हणणारे ‘श्वानाने आरोपी ओळखला’ यावरही डोळे मिटून विश्वास ठेवतात. सर्वोच्च न्यायालयाने ठेवलेला नाही. महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात १९६९ साली न्यायालयाने अशा पुराव्याला फारसं वजन देता येत नाही म्हटलं होतं.

आणखी एक, विशेषतः विदर्भातल्या मंडळींसाठी. धापा टाकणारं कुत्रं नीट हुंगू शकत नाही. त्यामुळे दुपारी पिल्लू माग सोडतं, ते आळसाने असेलच असं नाही. उन्हाळ्यात सराव पहाटे, छोटा, आणि पिल्लाला अजून हवाहवासा वाटत असतानाच थांबवलेला बरा.