परराष्ट्रातील युद्ध व युद्धविरामाची मागणी : पक्षीय चर्चा (ठाणे–नवी मुंबई)

ज्या युद्धात स्वतःचे राष्ट्र लढत नाही, त्या युद्धातील लढाई थांबवावी अशी मागणी राजकीय पक्ष ठराव, निवेदन, निदर्शने किंवा सभागृहातील चर्चा यांच्याद्वारे करतात. इतर पक्ष तिला पाठिंबा देतात, तीत दुरुस्ती सुचवतात किंवा तिला विरोध करतात. या सर्व व्यवहाराचा प्रस्तुत नोंदीत ठाणे शहर, जुना ठाणे जिल्हा व नवी मुंबई यांच्या संदर्भात विचार केला आहे.

युद्धविरामाचा कायदेशीर आधार १९०७ च्या हेग नियमावलीतील ३६ ते ४१ या कलमांत आहे. परस्पर संमतीने लष्करी कारवाई स्थगित करणे एवढेच तेथे अभिप्रेत असून युद्धस्थिती त्यामुळे संपत नाही. मुदत ठरलेली नसेल, तर शत्रूला ठरल्याप्रमाणे पूर्वसूचना देऊन लढाई पुन्हा सुरू करता येते. युद्धविराम सर्वत्र लागू होणारा किंवा ठराविक क्षेत्रापुरता असू शकतो. लढणाऱ्या एका बाजूने त्याचा गंभीर भंग केल्यास दुसऱ्या बाजूला तो रद्द करण्याचा, आणि तातडीच्या प्रसंगी लगेच लढाई सुरू करण्याचाही अधिकार मिळतो. राजकीय पक्षांच्या पत्रकांत युद्धविराम, शस्त्रसंधी आणि तह यांची सरमिसळ होते. मात्र मुदत, क्षेत्र आणि अटी यांवरचा वाद खरा असतो. १९५३ चा कोरियातील युद्धविराम आजही लागू आहे आणि तेथे शांतता तह झालेला नाही, हे त्याचे ठळक उदाहरण होय.

पूर्वपीठिका : दूरच्या देशातील युद्ध थांबवावे की नाही, यावर एखाद्या प्रतिनिधिगृहात गटागटांनी वाद घातल्याचे या परिसराशी निगडित सर्वांत जुने उदाहरण पहिल्या इंग्रज–मराठे युद्धाचे आहे. त्या वेळी दूरचा देश म्हणजे ठाणे व ते ज्यावर वसले आहे ते साष्टी बेट होते व वाद घालणारे कलकत्ता आणि लंडन येथे होते. मुंबईकर इंग्रजांनी डिसेंबर १७७४ च्या अखेरीस ठाण्याचा किल्ला जिंकला. नेमक्या तारखेबाबत साधनांत तीनेक दिवसांची तफावत आढळते. महिनाअखेरची तारीख अधिक ग्राह्य वाटते. गोव्याचे पोर्तुगीज साष्टी परत घेण्यासाठी आरमार पाठवीत आहेत, असे कारण मुंबईने पुढे केले होते. मार्च १७७५ मध्ये राघोबादादांशी सुरतेचा तह झाला आणि मे महिन्यात अडासची लढाई झाली. लढाई थांबवण्याचा कलकत्ता कौन्सिलचा (ईस्ट इंडिया कंपनीच्या भारतातील वरिष्ठ मंडळाचा) आदेश मुंबईकडे त्यानंतर निघाला. हे युद्ध अनधिकृत आणि अन्याय्य असल्याचा निर्वाळा कौन्सिलने दिला होता.

या आदेशाचे स्वरूप काय, यावर मतभेद आहेत. एका मतानुसार हा वरिष्ठ कचेरीने कनिष्ठ कचेरीला लावलेला शिस्तीचा बडगा होता. त्याला युद्धविरामाची मागणी म्हणणे म्हणजे आजची कल्पना मागे नेणे होय. दुसऱ्या मतानुसार कौन्सिलचे सभासद क्लेव्हरिंग, मॉन्सन व फ्रान्सिस यांचे बहुमत एका बाजूला आणि गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज दुसऱ्या बाजूला, अशी पक्षीय स्वरूपाची फळी येथे स्पष्ट दिसते. सुरतेचा तह हेस्टिंग्जलाही मान्य नव्हता. सुरू झालेली मोहीम एकाएकी आवरण्याबाबत मात्र त्याचे मत वेगळे होते, असे बहुतेक अभ्यासक मानतात. हे दुसरे मत अधिक पटते. युद्ध चूक आहे हे दोन्ही बाजूंना मान्य, पण ते केव्हा व कोणत्या अटीवर थांबवायचे यावर फूट, हा नमुना पुढील अडीचशे वर्षांत पुनःपुन्हा आढळतो.

कलकत्त्याने पाठवलेल्या कर्नल अप्टनच्या वाटाघाटींतून १ मार्च १७७६ रोजी पुरंदरचा तह झाला. साष्टी कंपनीकडेच राहिली. जानेवारी १७७९ मध्ये वडगाव येथे झालेल्या करारात साष्टी परत देण्याचे इंग्रजांनी कबूल केले, पण मुंबई व कलकत्ता या दोघांनीही तो करार झुगारला. अखेर महादजी शिंदे यांच्या मध्यस्थीने १७ मे १७८२ रोजी सालबाईचा तह झाला आणि ठाण्यासह साष्टी कायमची इंग्रजांकडे गेली. त्याच मे महिन्याच्या अखेरीस लंडनमध्ये ब्रिटिश संसदेच्या कॉमन्स सभागृहाने हेन्री डंडास याच्या समितीच्या चौकशीनंतर ठराव करून हेस्टिंग्ज व मुंबईचा गव्हर्नर विल्यम हॉर्न्बी यांना परत बोलावण्याची मागणी केली. ग्वाल्हेरजवळ तह झाल्याची वार्ता समुद्रमार्गे लंडनला पोहोचण्यास काही महिने लागत. सभासद ज्या युद्धावर बोलत होते ते थांबले आहे, हे त्यांना ठाऊक असणे शक्य नव्हते. ठरावांचा रोख कंपनीचा खर्च, मोडलेले करार आणि अधिकाऱ्यांचे वर्तन यांवर होता. साष्टीच्या रयतेला आपण कोणाकडे राहावे असे वाटत होते, याची विचारणा कलकत्त्याने केली नाही आणि लंडननेही नाही. परक्या भूमीवरील युद्धाची चर्चा ठाण्यात होते तेव्हा ही गोष्ट आवर्जून ध्यानात घ्यावी असे वाटते. या शहराने ती दुसऱ्या टोकाकडून भोगली आहे.

एकोणिसाव्या शतकातील स्थानिक चर्चेविषयी साधने त्रोटक आहेत. १९३० नंतर काँग्रेसने परदेशातील युद्धांवर ठराव केले, पण ते बहुधा एका बाजूचा पक्ष घेणारे होते. चीनला १९३८ मध्ये पाठवलेले वैद्यकीय पथक, ज्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, हे त्याच भूमिकेचे फलित. आक्रमण झालेल्या देशाला मदत करणे आणि दोघांनाही थांबा म्हणणे या वेगळ्या राजकीय कृती आहेत.

स्वातंत्र्योत्तर काळ : जुलै १९५० मध्ये नेहरूंनी स्टालिन व अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री अॅचिसन यांना पत्रे लिहून कोरियातील युद्ध आवरण्याचे आवाहन केले. १९५३ च्या युद्धविरामानंतर मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या युद्धकैद्यांचा ताबा भारतीय दलाकडे आला. तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या होते आणि ताबा दलाचे प्रमुख मेजर जनरल शंकरराव थोरात हे मराठी अधिकारी होते. दक्षिण कोरियाच्या सरकारने आपल्या भूमीवर पाय ठेवू न दिल्याने या जवानांना जहाजांवरून हेलिकॉप्टरने दोन्ही कोरियांमधल्या निर्लष्करी पट्ट्यात उतरवावे लागले. युद्धविराम मागणाऱ्याला पुढे तो राखण्याचे ओझेही उचलावे लागते, ही बाब पक्षांच्या ठरावांत क्वचितच येते. व्हिएटनामबाबत जुलै १९६६ मध्ये इंदिरा गांधींनी बाँबवर्षाव थांबवून जिनीव्हा परिषद पुन्हा बोलवावी असे सुचवले.

संसदेतील प्रथा येथे महत्त्वाची ठरते. लोकसभेत नियम १९३ खालील चर्चेनंतर मतदान होत नाही, नियम १८४ खाली होते. त्यामुळे चर्चा कोणत्या नियमाखाली घ्यायची यावरच पहिली झटापट होते. एप्रिल २००३ मध्ये, मनोहर जोशी लोकसभेचे अध्यक्ष असताना, इराकवरील लष्करी कारवाईविरुद्ध एकमताने ठराव झाला. विरोधकांना थेट निषेध हवा होता, सरकारला सौम्य नापसंती. हिंदी मसुद्यात ‘निंदा’ आल्यावर तडजोड झाली. जुलै २०१४ मध्ये गाझावर राज्यसभेत चर्चा झाली, पण ठराव करण्यास सरकारने नकार दिला. त्याच आठवड्यात जिनीव्हातील मानवी हक्क परिषदेत मात्र भारताने इस्रायलच्या कारवाईविरोधी ठरावाच्या बाजूने मत दिले. एप्रिल २०२२ मध्ये युक्रेनवरील चर्चा नियम १९३ खाली झाली.

गाझा, २०२३ ते २०२५ : या काळातील वादाचे मूळ क्रमात आहे. हमासने इस्रायलवर केलेल्या ७ ऑक्टोबर २०२३ च्या हल्ल्याचा निषेध आणि ओलिसांची सुटका आधी, की लढाई थांबवणे आधी? काँग्रेस कार्यकारिणीने ९ ऑक्टोबर रोजीच तत्काळ युद्धविराम मागितला, त्यावर भाजपने टीका केली. त्याच महिन्यात शरद पवार यांनी नेहरूंपासून वाजपेयींपर्यंतच्या पॅलेस्टाइनविषयक भूमिकेचे स्मरण करून दिले, तेव्हाही पीयूष गोयल आदी भाजप नेत्यांनी त्यांना उत्तर दिले. २७ ऑक्टोबरला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत युद्धविरामाचा ठराव आला. हल्ल्याचा स्पष्ट निषेध जोडणाऱ्या कॅनडाच्या दुरुस्तीला भारताने पाठिंबा दिला, तिला दोन तृतीयांश मते मिळाली नाहीत आणि मूळ ठरावावर भारत तटस्थ राहिला. १२ डिसेंबर २०२३ रोजी भारताने युद्धविरामाच्या बाजूने मत दिले, तर १२ जून २०२५ रोजी पुन्हा तटस्थता पत्करली. प्रत्येक वळणावर सत्ताधाऱ्यांनी दहशतवादविरोधाचा आणि विरोधकांनी परंपरेचा आधार घेतला. ब्रिटनमध्येही याच प्रश्नावर १५ नोव्हेंबर २०२३ रोजी मजूर पक्षाच्या ५६ खासदारांनी पक्षादेश मोडला होता.

या परिसरात हा वाद केवळ वृत्तपत्री राहत नाही. टेंभी नाक्याजवळचे शाआर हाशामाईम हे ज्यू सभास्थान १८७९ चे असून मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल या ज्यू समाजाची भारतातील सर्वांत मोठी वस्ती ठाण्यात आहे. अनेक घरांतील नातलग इस्रायलमध्ये आहेत. त्याच जिल्ह्यात मुंब्रा व भिवंडी ही मोठी मुस्लिम वस्तीची शहरे आहेत. न्हावा-शेवा बंदर (१९८९) नवी मुंबईला लागून आहे. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात येमेनमधील हूथी या सशस्त्र गटाचे हल्ले सुरू झाल्यावर युरोपकडे जाणारी जहाजे केप ऑफ गुड होपला वळसा घालू लागली, प्रवास दहा ते चौदा दिवसांनी लांबला आणि थंड कंटेनरमधून जाणाऱ्या नाशिकच्या द्राक्षांचे भाडे वाढले. गाझातील लढाई थांबली तर आपण थांबू, असे हूथी सांगत. त्यामुळे युद्धविरामाचा प्रश्न बागायतदाराच्या हिशेबापर्यंत येऊन पोहोचला. तरीही निर्यातदारांची बाजू पक्षांच्या पत्रकांत फारशी उतरलेली नाही, ही उणीव खटकते.

स्थानिक कार्यपद्धती : परराष्ट्र व्यवहार, संयुक्त राष्ट्रे, तह आणि युद्ध व शांतता हे विषय संविधानाच्या संघसूचीतील (केंद्राच्या अधिकारातील विषयांच्या यादीतील) अनुक्रमे १०, १२, १४ व १५ या नोंदींत येतात. महानगरपालिकांशी संबंधित बाराव्या अनुसूचीच्या १८ विषयांत त्यांतील एकही नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ मधील अनिवार्य व ६६ मधील स्वेच्छाधीन कर्तव्यांतही त्यांना जागा नाही, आणि कलम ४५१ खाली शासन महानगरपालिकेच्या महासभेचा ठराव निलंबित वा विखंडित (रद्द) करू शकते. आंतरराष्ट्रीय शांततेला उत्तेजन देण्यास सांगणाऱ्या संविधानाच्या ५१ व्या अनुच्छेदाकडे बोट दाखवून असा ठराव निदान भावना म्हणून करता येतो, असा युक्तिवाद करता येईल; तो अमान्य करण्याचे सबळ कारण दिसत नाही, कारण खर्च किंवा अंमलबजावणी नसलेले श्रद्धांजलीचे प्रस्ताव महासभा नेहमीच करतात. गाझा युद्धाच्या संपूर्ण काळात मात्र हा मुद्दा तपासलाच गेला नाही. नवी मुंबई महानगरपालिकेची मुदत मे २०२० मध्ये आणि ठाण्याची मार्च २०२२ मध्ये संपली होती. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत दोन्हीकडे प्रशासक होते.

त्यामुळे निवेदन हाच मुख्य मार्ग उरला. ‘मा. जिल्हाधिकारी यांच्यामार्फत मा. राष्ट्रपती महोदय’ असा मायना, खाली विषयाची ओळ, मग मागण्या आणि पदाधिकाऱ्यांच्या सह्या, असा त्याचा ठरलेला साचा असतो. शिष्टमंडळ निवासी उपजिल्हाधिकाऱ्यांना भेटते, दुय्यम प्रतीवर आवक शिक्का घेते आणि ती प्रत छायाचित्रासह प्रसिद्धीस देते. पहिली मागणी कोणती, यावरून पक्षाची भूमिका चटकन कळते.

निदर्शनांसाठी पोलीस आयुक्तालयाची परवानगी लागते. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खालील मनाई आदेश ठाण्यात वारंवार लागू असतात. शेजारच्या मुंबईत आझाद मैदानावर गाझाविषयी सभा घेण्यास पोलिसांनी परवानगी नाकारल्यावर मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष उच्च न्यायालयात गेला. २५ जुलै २०२५ रोजी याचिका फेटाळताना, मूळ अर्ज या पक्षाचा नव्हता या मुद्द्याबरोबरच, दूरच्या प्रश्नांऐवजी देशातील प्रश्नांकडे पाहावे अशी टिप्पणी न्यायालयाने केली. पक्षाने तिच्यावर जाहीर आक्षेप घेतला. नवा अर्ज केल्यावर पोलिसांनी परवानगी दिली आणि २० ऑगस्ट २०२५ रोजी ती सभा झाली.