पाषाण तलावावरचा चतुर निघालाय कुठे?

दसऱ्याच्या आसपास पुण्यातल्या पाषाण तलावाच्या काठावर सकाळी आठ-साडेआठला जाऊन उभं राहावं. ऊन तेव्हाच चटके देऊ लागलेलं असतं. उत्तरेकडून नुकतेच आलेले करडे धोबी पक्षी शेपटी हलवत काठाने पळत असतात आणि डोक्यावर पिवळसर चतुरांचा थवा तरंगत असतो. लहानपणी आम्ही त्यांना 'हेलिकॉप्टर' म्हणायचो, शेपटीला दोराही बांधायचो. कुणाला दावणीला बांधतोय, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं!

तलावावरचे सगळे चतुर सारखे नसतात. काडीवर बसलेला, उठवला तरी फिरून तिथेच येणारा नारिंगी चतुर हा इथला गावकरी. सांडपाणी मिसळलेलं पाणीही त्याला चालतं, त्यामुळे आपल्या शहरी तलावांवर त्याची चंगळच आहे. वरचा पिवळा मात्र दिवसा क्वचितच बसतो. त्याचं शास्त्रीय नाव पॅण्टाला फ्लावेसेन्स. लांबी जेमतेम साडेचार सेंटिमीटर, पण मागचे पंख बुडाशी चांगले रुंद. त्यामुळे घारीसारखं, फारसे पंख न हलवता त्याला तरंगत राहता येतं.

त्याच्या अळ्या पावसाच्या डबक्यांत वाढतात आणि डबकं आटायच्या आत, अनेकदा सहा-सात आठवड्यांतच, उडायला तयार होतात. आपल्याकडचा पाऊस सरला की पुढची अंडी घालायची कुठे? ऑक्टोबर ते डिसेंबर पाऊस असतो पूर्व आफ्रिकेत. मध्ये अरबी समुद्र आणि हिंदी महासागर!

हे कोडं सुटू लागलं मालदीवमध्ये. त्या बेटांवर उघडं गोडं पाणी जवळजवळ नाही, तरी दर ऑक्टोबरात हजारो चतुर उतरतात. तिथे राहणारे सागरी जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्या आणि 2009 मध्ये मांडलं की, उंचावरच्या ईशान्य वाऱ्यांवर स्वार होऊन हे किडे आफ्रिका गाठतात. जाऊन-येऊन 14,000 ते 18,000 किलोमीटरचा हा फेरा चार पिढ्या मिळून पुरा करतात.

पुरावा पंखांतच होता. पावसाच्या पाण्यातल्या जड हायड्रोजनचं, म्हणजे हायड्रोजनच्याच जरा वजनदार अणूंचं, प्रमाण प्रदेशागणिक बदलतं. अळी ज्या पाण्यात वाढली, त्याची खूण पंखात उतरते आणि मग पुसली जात नाही. मालदीवमध्ये पकडलेल्या चतुरांचे पंख 2012 च्या अभ्यासात तपासले, तेव्हा त्यांचं मूळ उत्तर भारतात किंवा त्याहूनही उत्तरेला निघालं.

साधारण त्याच काळात सैबेरिया आणि ईशान्य चीनकडून आलेला अमूर ससाणाही नागालँडमध्ये थांबा घेऊन, भारत ओलांडून समुद्रावर झेपावतो. वाटेत हे चतुर त्याची शिदोरी होत असावेत, असा अँडरसन यांचा कयास आहे.

पाषाणला मात्र चतुरांची गाठ पडते वेड्या राघूशी. तारेवरून सूर मारून तो चतुर चोचीत धरतो आणि पुन्हा तारेवर बसून दोन-चारदा आपटतो. एखादा पंख तुटून खाली येतो. तो कुठल्या मुलखातल्या पावसात घडला, ते त्यातच नोंदलेलं असतं.