क्रोशाच्या जाड उठावदार टोपीमागचा इतिहास

थंडी सुरू झाली की सगळीकडे त्या जाड लोकरीच्या, उठावदार टाक्यांच्या क्रोशे टोप्या दिसायला लागतात, आणि आपल्याला वाटतं हे तर आजीच्या काळापासूनच आहे. पण आठवून बघा, घरातली माकडटोपी किंवा कानटोपी बहुतेक वेळा दोन सुयांवर विणलेली असायची. क्रोशाची सुई बाहेर यायची ती टेबलक्लॉथ, तोरण, रुमालाच्या कडा, टीव्हीवरचं कव्हर असल्या गोष्टींसाठी आणि तीसुद्धा सुती दोऱ्यावर. लोकर म्हणजे दोन सुया आणि क्रोशा म्हणजे लेस अशी वाटणीच होती जणू. माझ्या मते ही टोपी आवडत असेल तर ही वाटणी आली कुठून ते समजून घ्यायलाच हवं.

क्रोशा वाटतो तितका जुना नाही. डॅनिश अभ्यासक लिस पालुदान यांनी युरोपभर शोध घेतला आणि त्यांना १८०० च्या आधीचा ठोस पुरावा काही मिळाला नाही. छापील नमुना म्हणून सगळ्यात आधीचा जो सांगतात तो १८२३ मधला, पेनेलोपे नावाच्या डच मासिकातला, रेशमी दोऱ्याच्या छोट्या पर्सचा. एक मत असंही आहे की आकडीच्या सुईने कापडावर साखळी भरायची कला पूर्वेकडून युरोपात गेली (आपल्या कच्छच्या मोची कारागिरांचं आरी काम आठवा, तीच पद्धत) आणि मग कोणीतरी खालचं कापडच काढून टाकलं, साखळी नुसती हवेत विणली. मला हे पटतं, कारण क्रोशाची पहिली साखळी आणि आरीची साखळी शेजारी ठेवली तर फरक फारच थोडा आहे.

पण याच्याही जरा आधी स्कॉटलंडमध्ये दुसरंच काहीतरी चाललं होतं. एलिझाबेथ ग्रांट या बाईंच्या आठवणींमध्ये १८१२ च्या सुमाराच्या धनगरी विणकामाचा (इंग्रजीत शेफर्ड्स निटिंग) उल्लेख येतो. घरी कातलेली जाड लोकर, आखूड आकडी, घट्ट टाके, लेसचा काही संबंधच नाही, फक्त थंडी अडवायची. आपल्या टोपीचं खरं मूळ मला इथे दिसतं.

मग लेस एवढी पुढे का गेली? त्याचं उत्तर आयर्लंडमध्ये आहे आणि ते वाचून मन जड होतं. १८४५ पासून बटाट्याचं पीक रोगाने गेलं आणि पुढच्या काही वर्षांत सुमारे १० लाख माणसं मेली. कॉर्कजवळच्या ब्लॅकरॉकच्या उर्सुलाइन जोगिणींनी मुलींना क्रोशा शिकवला, मोनाघन परगण्यातल्या क्लोन्स गावात तिथल्या पाद्र्यांच्या पत्नी कसांड्रा हँड यांनी हेच काम उभं केलं, आणि रिएगो द ला ब्रांशार्दिएर यांनी व्हेनिसच्या महागड्या लेससारखी दिसणारी लेस आकडीने कशी करायची त्याचे नमुने छापले. सुई आणि दोरा एवढंच भांडवल, त्यामुळे कितीतरी घरांची चूल यावर पेटली. या आयरिश कामात सपाट असं फार थोडं, गुलाबाच्या पाकळ्या एकावर एक थर देऊन उचललेल्या, आत जाड दोरा घालून कडा फुगवलेल्या, मधेमधे क्लोन्सची गाठ, म्हणजे दोरा गुंडाळून केलेली छोटी फुगीर गाठ. आजच्या टोपीवरचे बॉबल, पॉपकॉर्न असे फुगीर टाके बघितले की मला तर तेच आठवतं.

म्हणजे ऊब धनगरांची आणि उठाव लेसवाल्यांचा. दोन्ही एकत्र यायला मऊ लोकर स्वस्त होऊन घराघरात पोचावी लागली, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अॅक्रिलिक आल्यावर तर काय, आपल्याकडे लुधियानाचे गोळे गल्लीतल्या दुकानात मिळायला लागले.

बाकी रचना सोपी आहे. मधे गोल, पहिल्या फेरीत १२ खांब (म्हणजे उंच टाके), मग दर फेरीला १२ वाढवत जायचं म्हणजे चकती सपाट राहते, डोक्याएवढी झाली की वाढवणं बंद आणि कड आपोआप खाली वळते. विणलेली नमाजी टोपी, ज्यूंची किप्पा, जमैकातल्या रास्ताफारी पंथाची मोठी टोपी, सगळ्यांचं गणित साधारण असंच, फक्त टाक्याप्रमाणे आकडा बदलतो. उठावासाठी खांबाच्या डोक्यात सुई न घालता त्याच्या अंगाभोवती घालायची, फ्रंट पोस्ट (पुढून) आणि बॅक पोस्ट (मागून) आलटून पालटून, की उभ्या पट्ट्या वर येतात, मधल्या खोबणीत हवा अडकते आणि टोपी जास्त उबदार होते, लोकर मात्र बरीच जास्त लागते.

आणि एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. दोन सुयांच्या विणकामाचं मशीन आहे, पण खऱ्या क्रोशाचं मशीन अजून बाजारात नाही. मॉलमध्ये टांगलेली क्रोशाची टोपी कितीही स्वस्त असली तरी ती कुणीतरी हातानेच केलेली असते. आंध्रातल्या नरसापूरला मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात क्रोशा लेस आणली, २०२४ मध्ये तिला जीआय टॅग मिळाला, पण तिथल्या बायकांना कामगार न मानता घरी रिकाम्या वेळात विणणाऱ्या गृहिणी मानलं गेलं आणि मजुरी अगदी कमी दिली गेली, हे समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी १९८२ मध्येच लिहून ठेवलंय.